मधुमेहींचा आखडलेला खांदा: इंजेक्शन आणि व्यायामाची जोडी कशी जमली

खांदा हळूहळू दुखू लागतो आणि मग जाम होतो, याचं वर्णन 1872 साली फ्रान्समधल्या एका शल्यचिकित्सकाने केलं. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव 1934 मध्ये अमेरिकेत आलं. सांध्याभोवतीचं वेष्टन जाड होऊन आक्रसतं, हे 1945 पर्यंत शस्त्रक्रियांमधून स्पष्ट झालं होतं. मधुमेहाशी असलेलं नातं आकड्यांत दिसलं ते 1972 मध्ये: 800 मधुमेहींपैकी 10.8 टक्क्यांना हा त्रास होता, मधुमेह नसलेल्या 600 जणांत फक्त 2.3 टक्क्यांना. वर्षानुवर्षं वाढलेली साखर कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांना एकमेकांत बांधून टाकते, वेष्टनाची लवचिकता जाते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

'दोन वर्षांत आपोआप सुटतो' हा दिलासा बराच काळ सगळ्यांनाच दिला गेला. 2004 च्या एका डच अभ्यासात वेदना सोसून केलेल्या जोरदार व्यायामापेक्षा वेदनेच्या आत राहून केलेला हलका व्यायाम सरस ठरला, आणि त्या दिलाशाला बळ मिळालं. पण त्यातले 77 रुग्ण खांदा आखडण्याचं कारण न सापडलेले होते. मधुमेहींचा खांदा जास्त काळ अडकून राहतो, पुष्कळदा दुसराही धरतो. जोर लावू नये हा धडा त्यांनाही लागू आहे, नुसती वाट पाहत बसण्याचा सल्ला नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो स्टेरॉइडच्या इंजेक्शनवरून. सांध्यात हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड देणं 1951 च्या सुमारास सुरू झालं, आणि साखर वाढते या धास्तीने मधुमेहींना ते नाकारणंही रूढ झालं. साखर वाढते हे खरंच आहे. काही तासांत चढू लागते, पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असते, बहुतेकांची आठवड्याच्या आत पूर्ववत होते. जेवणानंतरची साखर विशेष उसळते, म्हणून नुसती उपाशीपोटी तपासून भागत नाही. पण या चार-पाच दिवसांच्या चढापायी रात्रीची झोप उडवणारी वेदना महिनोन्‌महिने सोसायला लावणं चुकीचं आहे. नाकारावं ते त्वचेवर किंवा सांध्यात जंतुसंसर्ग असताना. साखर पार हाताबाहेर गेली असेल तर आधी ती आटोक्यात आणावी. एरवी आधी मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून इन्शुलिन किंवा गोळ्यांचं नियोजन करावं आणि आठवडाभर ग्लुकोमीटरवर दिवसातून तीन-चार वेळा तपासावं. मात्रेबद्दलही घबराट कमी व्हायला हवी. 2013 च्या कोरियन अभ्यासात ट्रायअ‍ॅमसिनोलोन या स्टेरॉइडच्या 20 मिलिग्रॅम आणि 40 मिलिग्रॅम मात्रांच्या परिणामात फरक आढळला नाही. मधुमेह्यासाठी कमी मात्रेचा विचार आधी व्हावा तो याचमुळे.

इंजेक्शन एकटं पुरत नाही, हे 2003 च्या कॅनडातल्या चाचणीने दाखवलं. इंजेक्शन आणि देखरेखीखालची फिजिओथेरपी दोन्ही मिळालेल्यांना सहा आठवड्यांत सर्वाधिक फायदा झाला, वर्षअखेरीस मात्र गट जवळपास सारखे होते. म्हणजे जोडीची किंमत सुरुवातीच्या महिन्यांत आहे. वेदना उतरते त्या खिडकीत हालचाल वाढवली नाही, तर इंजेक्शन वाया गेलं. 2020 च्या ब्रिटिश चाचणीत इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन सांधा हलवणं आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांत कोणताच पर्याय ठळकपणे सरस ठरला नाही. शस्त्रक्रियेच्या गटात गंभीर गुंतागुंती मात्र अधिक होत्या.

ठाण्यातल्या नौपाड्यापासून नवी मुंबईतल्या नेरूळपर्यंतच्या फिजिओथेरपी केंद्रांत आजही शेक आणि मशीन यांवरच वेळ जातो. शेकाने स्नायू सैलावतात, वेष्टन सुटत नाही. शिवाय मधुमेहामुळे संवेदना कमी झाली असेल तर भाजल्याचं कळत नाही, म्हणून शेकण्याआधी त्या जागेला गरम-थंड कळतं का ते तपासलंच पाहिजे.

क्रम असा ठेवावा: इंजेक्शननंतर दोन दिवस फक्त वाकून हात लोंबता ठेवून झुलवणं. मग कोपर बरगडीला टेकवून काठीने हात बाहेर वळवणं, 15-20 सेकंद धरून दहा वेळा, दिवसातून तीनदा. ही बाहेर वळण्याची हालचाल सहसा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त जाते. त्यानंतर टेबलावर हात पुढे सरकवणं. हात पाठीमागे नेणं सर्वांत शेवटी. दोरी ओढून हात वर नेण्याची पुली लवकर सुरू केली तर खांदा कानाकडे उचलला जातो आणि हालचाल झाल्याचा भास होतो. व्यायामानंतरची ठणक रात्रीही उरली तर दुसऱ्या दिवशी जोर निम्मा करावा.

ठाणे-वाशी लोकलमधली वरची कडी धरता येणं किंवा ब्लाउजचा मागचा हुक लावता येणं, ही अंशांच्या मोजमापाइतकीच उपयोगी खूण आहे. सहा ते आठ आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर सांध्यात सलाइन भरून वेष्टन ताणण्याचा 1965 पासूनचा मार्ग विचारात घेता येतो. त्यातही बहुधा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्यामुळे साखर तपासण्याचा तोच आठवडा पुन्हा पाळावा लागतो. व्यायामही शक्यतो त्याच दिवसापासून सुरू करावा लागतो.