खिम्याचा लोफ मधून शिजला, हे कशावरून?

कोल्हापुरात मटण शिजलं की नाही हे घड्याळ बघून कुणी ठरवत नाही. हळद, मीठ, आलं-लसूण लावलेलं मटण पातेल्यात, वर झाकणीला ताट आणि ताटात पाणी. थोड्या वेळानं एक फोड बाहेर काढायची, अंगठ्यानं दाबायची. दबली की झालं. त्याच अळणीतून, म्हणजे मटण शिजलेल्या पाण्यातून, पुढं तांबडा आणि पांढरा रस्सा. खिम्याला तर एवढीही परीक्षा नाही. कढईत चटणी पडली, कडेनं तेल सुटलं, की उतरवायचा.

मीटलोफ या सवयीत बसत नाही. खिमा, दुधात भिजवलेला पाव, अंडं आणि कांदा एकत्र मळून पावाच्या साच्यात दाबायचा आणि ओव्हनमध्ये भाजायचा. ना दाबून बघायला फोड, ना सुटणारं तेल. मी पहिल्यांदा केला तो एका बुधवारी, किलोभर बकऱ्याच्या खिम्याचा. ओटीजी, म्हणजे घरातला छोटा ओव्हन, १७५ अंशांवर, वेळ चाळीस मिनिटं. वरून रंग असा देखणा आला, की फोटोसुद्धा काढला. सुरी घातली तर कडेची दोन बोटं जागा शिजलेली आणि मधे भिजवलेल्या कणकेसारखा गोळा. आत्या शेजारीच उभी. "वरनं जळालंय आन् मधी गारच हाय की रं," म्हणाली आणि सगळं कुस्करून कढईत टाकलं. त्या रात्री भाकरीबरोबर नेहमीचाच खिमा जेवलो.

'खिमा' हा शब्द आपल्याकडं फारसीतून आला; तुर्कीत आजही बारीक चिरलेल्या मांसाला 'कीयमा' म्हणतात. पन्हाळा १६५९ साली शिवाजी महाराजांनी घेतला, त्याआधी हा सारा मुलूख आदिलशाहीत होता, त्यामुळं असे शब्द इथल्या स्वयंपाकघरात रुळले यात नवल नाही. पदार्थ मात्र शब्दाहून जुना. आयुर्वेदात 'वेसवार' नावाचा प्रकार आहे. त्याची व्याख्या अशी, की हाडं काढलेलं मांस वाटायचं, वाफवायचं, त्यात गूळ, तूप, पिंपळी आणि मिरे घालायचे. मूळ शब्द 'स्विन्न' आहे, म्हणजे वाफवलेलं. तो लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

तिकडं रोमन काळातल्या पाककृतींत मांस कुटून, वाइनमध्ये भिजवलेला पाव त्यात घालून, चरबीच्या पातळ पडद्यात गुंडाळून भाजलेले गोळे सापडतात. पाव घालण्यामागं दोन कारणं: मांस पुरवठ्याला येतं, आणि पाव रस धरून ठेवतो म्हणून गोळा कोरडा पडत नाही. अमेरिकेत जर्मन वंशाच्या लोकांनी डुकराच्या उरल्यासुरल्या मांसात मक्याचं पीठ घालून वड्या पाडल्या, तोही याच घराण्यातला पदार्थ. एकोणिसाव्या शतकात हातानं फिरवायचं खिमा-यंत्र घरोघरी गेलं आणि १९३०च्या मंदीत मीटलोफ तिथलं रोजचं जेवण झालं. थोड्या मांसात घर जेवतं, एवढी एक गोष्ट त्याला पुरली.

आता 'झालं' या शब्दाकडं येऊ. मांस नीट शिजवण्याचा धाक युरोपात आधी डुकराच्या मांसानं बसवला. १८६० साली ड्रेस्डेनमध्ये फ्रीडरिश झेंकर यांनी दाखवून दिलं, की त्यातल्या ट्रिकिनेला नावाच्या बारीक कृमींनी माणूस दगावू शकतो. पुढं 'गुलाबी दिसेनासं होईपर्यंत शिजवा' हा सल्ला पिढ्यान् पिढ्या चालला. खिम्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो फार उशिरा कळला. अखंड तुकड्यावर जंतू असतात ते बहुतेक वरच्या बाजूला, तवा लागला की मरतात. खाटकानं सत्तूर चालवला किंवा मांस यंत्रातून काढलं, की तीच वरची बाजू आत मिसळते. मग गोळ्याचा मध्य हाही 'वरचा भाग'च झाला.

१९८२ साली ओरेगन आणि मिशिगनमध्ये हॅम्बर्गर खाऊन लोक आजारी पडले, तेव्हा ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जिवाणू आजाराचं कारण म्हणून पहिल्यांदा ओळखला गेला. तो गाईगुरांच्या आतड्यात राहतो, शेळ्यामेंढ्यांतही सापडतो. १९९३ मध्ये 'जॅक इन द बॉक्स' या हॉटेल-साखळीच्या अर्धवट शिजलेल्या बर्गरमुळं सातशेहून जास्त माणसं आजारी पडली आणि चार मुलं गेली. बर्गर तेव्हाच्या केंद्रीय नियमाप्रमाणं ६० अंशांपर्यंत शिजवले जात होते; वॉशिंग्टन राज्यानं मात्र ६८ अंशांचा नियम आधीच केला होता. घरी शिजवणाऱ्यांसाठी अमेरिकी कृषी खात्याचा आकडा आज ७१ अंश सेल्सिअस आहे, कोंबडीच्या खिम्याला ७४. हा आकडा गोळ्याच्या अगदी मध्याचा, ओव्हनचा नव्हे.

आणि रंग? १९९७ मध्ये त्याच खात्यानं सांगितलं, की खिम्याच्या रंगावर विसंबू नका, थर्मामीटर लावा. चारातला एक बर्गर सुरक्षित तापमान गाठायच्या आधीच आतून तपकिरी होतो, असं तपासणीत दिसलं होतं. मांस शिळं किंवा गोठवलेलं असेल तर त्यातलं रंगद्रव्य आधीच बदललेलं असतं, ते लवकर तपकिरी पडतं. उलटही घडतं. कांद्यासारख्या भाज्यांतल्या नायट्राइटमुळं पुरता शिजलेला लोफ गुलाबीच राहू शकतो. आम्हा कोल्हापूरकरांना या वादाशी तसंही देणंघेणं नव्हतं. कांदा-लसूण चटणी पडल्यावर खिमा कच्चा काय आणि शिजलेला काय, लालच. रंगाची परीक्षा इथं कधी चाललीच नसती. आपल्याला वाचवलं ते कढईनं: खिमा सुटा परतला जातो, प्रत्येक कणाला चटका बसतो.

लोफमध्ये नेमकं तेच होत नाही. उष्णता मध्यापर्यंत पोचायचा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणं वाढतो. दोन सेंटीमीटरचा कबाब आणि आठ सेंटीमीटरचा लोफ यांत जाडी चौपट, पण वेळ ढोबळमानानं सोळापट. माझी चाळीस मिनिटं कुठं कमी पडली ते इथं कळलं. शिवाय मी खिमा फ्रीजमधून काढून तसाच साच्यात दाबला होता.

दुसऱ्यांदा आत्यानंच सुचवलं, कोथिंबीर वडीसारखा वाफवू. म्हणजे वेसवारातलं 'स्विन्न'च. साचा कुकरमध्ये, झाकणाला शिट्टी न लावता. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच, त्यामुळं इथं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. पण वाफ साच्यावर थंड होऊन पाणी होताना जी उष्णता सोडते, ती ओटीजीच्या कोरड्या हवेपेक्षा झपाट्यानं आत शिरते. पन्नास मिनिटांनी सुईचा थर्मामीटर बरोबर मधे खुपसला, टोक तळाला टेकू न देता. ६६. झाकण परत लावलं. अजून बारा मिनिटांनी ७४. दहा मिनिटं निवू दिल्यावर काप सरळ पडले, मग ते तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस केले. आत्यानं पहिला काप घेतला, अंगठ्यानं दाबून बघितला आणि मगच खाल्ला.