पार्श्वभूमी: कधीच न खेळणाऱ्या संघाची गोष्ट

शालेय कबड्डीचा हंगाम संपला की आमच्याकडे, कोकणात, एक यादी निघते. सात नावांची. ती कोणी मागितलेली नसते, तिच्यावर कुणाचा शिक्का नसतो आणि त्या सात पोरांनी मिळून एकही सामना खेळलेला नसतो. तालुका झाला, जिल्हा झाला, विभागाला गेलेले संघ घाट उतरून परत आले, की एस.टी. स्टँडसमोरच्या टपरीवर दोन-तीन क्रीडाशिक्षक, एखादा पंच, गुडघा धरून बसणारा एक जुना चढाईपटू आणि माझ्यासारखे रिकामटेकडे जमतात आणि 'यंदाचे सात' काढायला बसतात. पेपरात त्याला स्वप्नसंघ म्हणतात, पोरं ड्रीम टीम म्हणतात. यंदा ही यादी तीन संध्याकाळी झाल्या तरी सहा नावांवर अडली आहे. का अडली ते पुढे येईलच. पण ही खोड आली कुठून, हे शोधायला गेलं तर वाट कबड्डीकडून थेट रग्बीकडे जाते, आणि तीही शाळकरी रग्बीकडे.

रग्बी मुळात शाळेचाच खेळ. १८२३ साली इंग्लंडातल्या रग्बी शाळेत विल्यम वेब एलिस नावाचा मुलगा फुटबॉल खेळताखेळता चेंडू हातात घेऊन पळाला, ही गोष्ट सगळे सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही; पण दंतकथा म्हणून झकास आहे, आणि विश्वचषकाला त्याच मुलाचं नाव आहे. पुरावा आहे तो १८४५ चा. त्या वर्षी त्या शाळेच्या विद्यार्थ्यांनीच खेळाचे नियम पहिल्यांदा लिहून काढले. मास्तरांनी नव्हे, पोरांनी. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

मात्र नियम झाले म्हणून लगेच स्वप्नसंघ निघत नाही. त्यासाठी मैदानावर ठरलेल्या जागा लागतात. 'सगळ्यात चांगला कोण' हा वाद गप्पांचा. 'उजव्या कोपऱ्यात सगळ्यात चांगला कोण' म्हटलं की यादी सुरू होते. सुरुवातीच्या रग्बीत असल्या जागा जवळपास नव्हत्याच. २७ मार्च १८७१ ला एडिंबरोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा एका बाजूला वीस खेळाडू होते आणि त्यातले बहुतेक एकाच घोळक्यात रेटारेटी करत होते. १८७७ मध्ये वीसाचे पंधरा झाले, तरी पुढच्या फळीत 'जो आधी पोचेल तो आधी वाकेल' असाच प्रकार चाले. मधोमध कोण आणि कडेला कोण, हे त्या-त्या वेळी धावण्यावर ठरायचं. अशा भाऊगर्दीतून 'वर्षाचा सर्वोत्तम हूकर', म्हणजे पुढच्या फळीत मधोमध वाकून पायाने चेंडू ओढणारा, कुठून काढणार?

इथे एक किस्सा सांगायलाच हवा, कारण निवड समितीच्या पेचामुळे खेळाचीच रचना बदलली असं क्वचित घडतं. १८८४ साली वेल्समधल्या कार्डिफ क्लबाला मागच्या फळीत एक खेळाडू कमी पडला म्हणून फ्रँक हँकॉक याला बदली घेतलं. तो इतका छान खेळला की पुढच्या सामन्याला त्याला नारळ देणं जिवावर आलं. नेहमीचे तिघंही चांगलेच, त्यांनाही काढवेना. शेवटी समितीने मागच्या फळीत तिघांच्या जागी चौघं उभे केले आणि पुढचा एक कमी केला. पुढच्या दहा वर्षांत हीच मांडणी सगळीकडे रूढ झाली. आजही रग्बीत मधले दोन सेंटर आणि कडेचे दोन विंगर मिळून चौघं असतात ते त्यामुळे. आमच्या टपरीवर कोणी 'आठ घेऊया ना, काय बिघडतं' म्हणालं की मी हँकॉकचं नाव घेतो. नाव घेतल्याने आठवा मिळत नाही, पण तेवढ्यात एक चहा वाढतो.

पुढच्या फळीच्या जागा पक्क्या करण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात न्यूझीलंडकडे जातं. त्यांचा १९०५ चा संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर आला तेव्हा त्यांच्या प्रत्येक फॉरवर्डला ठरलेली जागा होती आणि त्या जागेचं ठरलेलं काम होतं. त्या लांबलचक दौऱ्यात ते एकच सामना हरले, वेल्सविरुद्ध, ०-३ असा. बाकीच्यांचे डोळे उघडायला तो दौरा पुरे झाला. जागा ठरल्या, मागाहून जर्सीवर आकडे आले, आणि दोन, नऊ, दहा, पंधरा हे आकडे उच्चारले की कोणतं काम ते कळू लागलं. मग हंगाम संपल्यावर एक ते पंधरा भरत जाणं ओघानेच आलं.

कबड्डीचं याहून वेगळं झालं नाही. हुतूतू आपल्याकडे किती जुना हे कोणी सांगू नये. पण तो गावोगावी वेगळा होता. संजीवनी नावाच्या प्रकारात समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला उठायचा, गामिनीत बाद तो बादच, आणि अमरमध्ये बाद होऊनही गडी आतच राहायचा, फक्त गुण मोजला जायचा. १९२३ साली बडोद्याला हिंद विजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे खेळ करून दाखवला, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि टिकली ती संजीवनी. सात आत, पाच राखीव. दोन कोपरे, त्यांच्या शेजारी हात धरून उभे राहणारे दोघं, दोन मध्यरक्षक आणि मधला. यातल्या प्रत्येकाचं काम निराळं. आमच्या टपरीची यादी ही खरं म्हणजे नियमपुस्तकाचीच नात आहे.

जागा ठरल्या, तरी कल्पनेतला संघ प्रत्यक्षात उतरवायची हौस निराळी. ती पहिल्यांदा नीट पुरवली बार्बेरियन्सनी. १८९० साली ब्रॅडफर्डमध्ये रग्बीच्या दौऱ्यावर असताना पर्सी कार्पमेल आणि त्याचे सोबती कालवांच्या जेवणाला बसले होते आणि तिथे ही कल्पना निघाली. कालवं खाताना माणसाला मोठ्या कल्पना सुचतात यात मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला नवल वाटायचं कारण नाही; आमच्याकडे त्या बहुधा जेवण उरकल्यावर विरतात, एवढाच फरक. या क्लबाला स्वतःचं मैदान नाही, इमारत नाही. ठिकठिकाणच्या चांगल्या खेळाडूंना आमंत्रण जातं आणि ते तेवढ्यापुरते एकत्र येतात. जर्सी सगळ्यांची सारखी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. पायमोजे मात्र ज्याने-त्याने आपापल्या क्लबाचे घालायचे. स्वप्नसंघाचं इतकं नेमकं चित्र दुसरं नसेल. वरून एक, खाली प्रत्येकाचं गाव वेगळं.

शाळकरी पोरांच्या बाबतीत ही सवय सगळ्यात पक्की झाली ती दक्षिण आफ्रिकेत. तिथल्या रग्बी मंडळाला १९६४ मध्ये पंचाहत्तर वर्षं झाली, त्या निमित्ताने प्रांतोप्रांतीच्या शालेय संघांचा एक सप्ताह ईस्ट लंडन या बंदराच्या शहरात भरला. त्या मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष डॅनी क्रेव्हन यांच्या नावाने तो क्रेव्हन वीक म्हणून ओळखला जातो. या सप्ताहाची गंमत अशी की त्यात अधिकृत विजेता नाही. उपांत्य नाही, करंडकाची मारामारी नाही. शेवटच्या दिवशीचा शेवटचा सामना आठवड्यात सगळ्यात सरस वाटलेल्या दोन संघांना मिळतो, हाच मान. म्हणजे जिंकायला काही नाही आणि तरी सगळ्यांचा जीव टांगणीला. कारण १९७४ पासून त्या सप्ताहातूनच देशाचा शालेय संघ निवडला जाऊ लागला. लोक सामने बघायला येत, पण बोलत ते यादीबद्दल.

त्या यादीची दुसरी बाजूही तितकीच खरी. १९८० पर्यंत क्रेव्हन वीकमध्ये फक्त गोरी मुलं खेळू शकत. रग्बी खेळणाऱ्या काळ्या आणि मिश्रवंशीय मुलांच्या शाळा तिथे होत्या, खेळाची परंपरा होती. पण ज्या मैदानाच्या कडेला निवडणारे उभे होते तिथे त्यांना प्रवेश नव्हता. म्हणजे पहिली सहा वर्षं 'देशातले सर्वोत्तम शाळकरी पंधरा' म्हणून जे निवडले गेले ते देशातल्या थोड्याच मुलांमधून निवडले गेले होते. कोणी त्या पंधरांच्या खेळाला नावं ठेवू नयेत. नावं ठेवायची तर कुंपणाला.

आमच्याकडे कुंपण नाही, घाट आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे शालेय क्रीडास्पर्धांसाठी कोल्हापूर विभागात येतात. म्हणजे जिल्हा जिंकलेल्या पोरांना सांगली-सातारा-कोल्हापूरच्या पोरांशी भिडायला आंबा घाट नाहीतर कुंभार्ली चढावा लागतो. वर जाईपर्यंत निम्म्यांना गाडी लागलेली असते. शिवाय हे सगळं भर पावसात नाहीतर भातकापणीच्या तोंडावर. ऑगस्ट-सप्टेंबरात आमची मैदानं म्हणजे चिखल. जांभ्याची लाल माती घोट्यापर्यंत येते, म्हणून सामने सभागृहात मॅटवर होतात. मातीवर वाढलेल्या पोराला मॅट धार्जिणी असतेच असं नाही. मातीत पाय घसरवत कोपऱ्यातून घोट्याला झेप घेणारा मुलगा मॅटवर अडखळतो, बूट घातले की आणखी. आमची खरी कबड्डी दिवाळीनंतर, कापलेल्या मळ्यात, माती चाळून, पाणी मारून, बांबूला दिवे बांधून सुरू होते. तोवर शाळांचा हंगाम संपलेला असतो.

आणखी एक गळती आहे, ती जुनी. गिरणगाव होतं तोवर कोकणातला चांगला चढाईपटू शाळा संपताच परळ-लालबागला जायचा, गाववाल्यांच्या खोलीवर राहायचा आणि संध्याकाळी एखाद्या मंडळाच्या मैदानात उतरायचा. मुंबईच्या कबड्डीत कोकणी घाम किती मुरलाय याचा हिशोब नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण जाण्याची सवय उरली. फक्त आता आठवी-नववीतच वसतिगृहाच्या शाळेत जातात. आपण ज्याला सातवीत पाहून ठेवलेलं असतं, तो दहावीत दुसऱ्याच जिल्ह्याच्या यादीत सापडतो.

पुन्हा यादीकडे. ती करताना सगळ्यात जास्त अन्याय कोणावर होतो, याबद्दल माझं मत पक्कं आहे: पकड करणाऱ्यावर. चढाईपटूचं काम दिसतं. तो एकटा जातो, दम धरतो, तीस सेकंदांत दोघांना शिवून येतो. गुणलेखक लिहितो दोन. पकडीत कोपऱ्यातल्याने घोटा धरलेला असतो, मध्यरक्षक अंगावर येतो, साखळीतले आणखी दोघं मध्यरेषेकडचा रस्ता बंद करतात, आणि मिळतो एक गुण. चार जणांचा एक. गावच्या स्पर्धेत उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड आणि मालिकावीर अशी तीन बक्षिसं असतात. मालिकावीर बहुतेक वेळा चढाईवालाच. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून पडद्यावर टॅकल पॉइंट, म्हणजे पकडीचे गुण, दिसू लागले, त्यामुळे पोरांना कोपऱ्याची किंमत कळली, हे मान्य. तरी साखळीत तिसरा हात कोणाचा होता, हे तिथेही दिसत नाही. रग्बीतही हीच रड आहे: धावत जाऊन ट्राय करणारा, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणारा, विंगर सगळ्यांना आठवतो; स्क्रममध्ये, म्हणजे पुढच्या फळ्यांच्या रेटारेटीत, मान घालून तो चेंडू मिळवून देणारा प्रॉप फक्त त्याच्या आईला.

म्हणून मी यादी करताना कोपरा आणि त्याच्या शेजारचा एकाच शाळेतले घ्या म्हणतो. एकमेकांचा हात धरून वर्षभर उभे राहिलेले दोघं सुटे काढले की दोघांचीही किंमत निम्मी होते. यावर जुने चढाईपटू गुडघा चोळत म्हणतात, 'अरे, मग अख्खी शाळाच घे की!' त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. मुलींच्या संघाची यादी टपरीवर अजून होत नाही, ही आमची लाज. त्यांचे सामने बघायला ही मंडळी थांबतच नाहीत, मग यादी कशाची करणार?

यंदा अडलंय ते उजव्या कोपऱ्यावर. जिल्हा जिंकलेल्या शाळेचा कोपरा चांगला आहे, आम्ही सगळ्यांनी त्याला चार सामन्यांत पाहिलाय. पण आमच्यातले पंच म्हणतात, त्याच्याहून सरस एक मुलगा खाडीपलीकडच्या शाळेत आहे. ती शाळा तालुक्याला पहिल्याच फेरीत हरली. त्या सामन्यात त्या पोराने सहा पकडी केल्या असं ते सांगतात, आणि तो सामना आमच्यात त्यांच्याशिवाय कोणीच पाहिलेला नाही. 'मी शिट्टी वाजवत होतो, मला नाही कळणार?' असं म्हणून ते गप्प बसतात. दोन संध्याकाळी यावरच गेल्या.

तिसऱ्या दिवशी कळलं की त्या मुलाच्या वाडीत येत्या शनिवारी मळ्यात सामने आहेत आणि तो वाडीकडून खेळणार आहे. तरीने पलीकडे जाता येतं. परतीची शेवटची फेरी सामने सुरू व्हायच्या आधीच सुटते, म्हणून पंचांनी त्यांच्या मेहुण्याकडे चौघांच्या झोपायची सोय विचारून ठेवली आहे.