जपानी कंपनीची गाडी आणि जपानमध्ये बनलेली गाडी

म्हापशाला सेकंड-हँड गाडी बघायला गेलं की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "जपानी आहे, डोळे झाकून घे." आणि "जर्मन आहे, दरवाजा लावून बघ, आवाजावरूनच कळेल." यातला देश कंपनीचा असतो. गाडी बनली कुठे, हा प्रश्न वेगळा, पण लोक दोन्ही सर्रास एकच धरतात.

सुझुकीची बलेनो आपल्याकडे बनते, आणि २०१६ पासून ती इथून जपानला गेली. म्हणजे जपानी कंपनीची गाडी जपानमधल्या गिऱ्हाइकालासुद्धा भारतातली मिळाली. स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगून चाकणच्या. एमजी नाव ब्रिटिश, ब्रँडचा मालक चिनी, कारखाना गुजरातेत हालोलला.

बलेनोचीच गोष्ट पुढे बघा. २०१९ पासून टोयोटा तीच गाडी ग्लान्झा म्हणून विकते. इंजिन तेच, बनवणारी मारुतीच. तरी ग्लान्झापुढे उभा राहिलेला माणूस म्हणतो, "टोयोटा म्हणजे बघायलाच नको." हा विश्वास क्वालिस आणि इनोव्हाने रस्त्यावर कमावला, ग्लान्झाला तो आयता मिळाला. मात्र कंपनीच्या नावाला काहीच अर्थ नाही, असंही नाही. वॉरंटी कोण देणार, सर्व्हिस कुठे होणार, हे त्या नावावरच ठरतं, आणि घराजवळ चांगलं वर्कशॉप असणं ही माझ्या मते अर्धी विश्वासार्हता आहे.

मग कारखाना बघून निर्णय घ्यावा का? तेही पुरत नाही. २०१४ साली गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने फोक्सवॅगनच्या भारतातल्या पोलोची टक्कर-चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य स्टार मिळाले, दोन एअरबॅगवाल्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार. कंपनी जर्मन, कारखाना आणि मॉडेल एकच, फरक व्हेरिएंटचा. म्हणून सेकंड-हँड घेताना मॉडेलच्या नावावर थांबू नका, नेमकं व्हेरिएंट विचारा.

गाडी कुठली हे बघायचं असेल तर आरसीवरचा १७ अक्षरी चॅसी नंबर वाचा. भारतात बनलेल्या गाड्यांचा साधारणपणे 'एमए' ते 'एमई' किंवा 'एमझेड' यांपैकी एका जोडीने सुरू होतो, जपानमधल्यांचा 'जे' ने.

गोव्यात मात्र याहून मोठा प्रश्न गाडी उभी कुठे असायची हा. कळंगुट-मोरजीच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात वर्षानुवर्षं उघड्यावर राहिलेली गाडी कुठल्याही देशाची असो, गंज तिला सोडत नाही. गाडी रॅम्पवर चढवायला सांगा. सायलेन्सरचे जोड, ब्रेकचे पाइप आणि जॅक लावायची कड टॉर्च मारून बघा. कडेवर ताज्या काळ्या रंगाचा थर दिसला तर खाली काय झाकलंय ते विचारा, आणि मालक रॅम्पवर न्यायला कां-कूं करत असेल तर ती गाडी सोडा.