स्थळ, शिक्का आणि कलम 5

बायपोलर, म्हणजे टोकाचा उत्साह आणि खोल उदासी यांचे आलटून पालटून झटके येणारा मनाचा आजार. तो असलेल्या मुलाचं किंवा मुलीचं लग्न ठरू लागलं की घरात सगळ्यात आधी कुजबूज सुरू होते ती ‘त्यांना सांगायचं का?’ याची. सांगितलं तर स्थळ हातचं जातं. लपवलं तर पुढची सगळी वर्षं धाकात काढायची. ही भीती लोकांच्या बोलण्यामुळे वाढते हे खरं, पण तिला आपल्या कायद्यानेही खतपाणी घातलं आहे.

वेड्यांच्या इस्पितळांसाठीचा कायदा भारतात 1858 साली आला आणि 1912 साली त्याची जागा ‘इंडियन लूनसी अ‍ॅक्ट’ने घेतली. धोकादायक वाटणाऱ्या किंवा भटकणाऱ्या माणसाला पोलिसांनी उचलावं, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं आणि तिथून इस्पितळात धाडावं, अशी ती व्यवस्था होती. त्यात उपचारांपेक्षा बंदोबस्ताला महत्त्व होतं. रत्नागिरी, ठाणे, येरवडा इथली मनोरुग्णालयं याच काळातली. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला जागा आहे का बघा’ हे टोमणे त्या भिंतींनीच मराठीला दिले. 1912 चा कायदा 1993 पर्यंत चालू होता. आज साठी-सत्तरीत असलेल्यांचं तारुण्य त्याच्याच छायेत गेलं, आणि स्थळ पसंत-नापसंत करणारे बहुतेक तेच असतात.

डॉक्टरांना मात्र वेगळं चित्र फार आधी दिसलं होतं. कमालीचा उत्साह आणि खोल उदासी एकाच माणसात आलटून पालटून येतात आणि मधल्या काळात तो नीट असतो, हे पॅरिसच्या फालरे यांनी 1850 च्या दशकातच नोंदवलं होतं. लिथियम या औषधाने उन्माद, म्हणजे अति उत्साहाचा झटका, आटोक्यात येतो, हे ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी 1949 साली दाखवलं. दोन झटक्यांमधले ते बरे महिने किंवा वर्षं, त्यातली नोकरी, मुलांचं संगोपन, सणवार हे सगळं त्या माणसाचं खरं आयुष्य असतं. शिक्का मारणाऱ्याला नेमकं तेच दिसत नाही.

आता विवाह कायद्याकडे येऊ. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात मनोविकारावरून घटस्फोट मिळायचा तो आजार असाध्य असला तरच. 1976 च्या दुरुस्तीने ‘सतत किंवा अधूनमधून’ असणारा मनोविकारही त्यात आला. शिवाय कलम 5 मध्ये लग्नाची अट म्हणून लिहिलं गेलं की वधू-वरांपैकी कुणालाही वेडाचे किंवा अपस्माराचे (फिट्सचे) वारंवार झटके आलेले नसावेत. अट मोडल्याचं सिद्ध झालं तर कोर्ट लग्न रद्द करू शकतं. महत्त्वाची गोष्ट लपवून लग्न केलं, हेही लग्न रद्द करण्याचं कारण होऊ शकतं. म्हणजे सांगावं तर लग्न ठरत नाही आणि लपवावं तर ठरलेलंही टिकेल याची खात्री नाही. मग नवी सून सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून त्या बंदच करते. लिथियम असं एकदम थांबवलं की उन्माद उलटून येण्याचा धोका फार वाढतो. तो आला की सगळे म्हणतात, ‘बघा, आम्ही म्हणत होतो ना!’ या फेऱ्याचा मला मनापासून संताप येतो. आधी भीती घालायची आणि तिचा परिणाम दिसला की तोच पुरावा म्हणून दाखवायचा!

सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये राम नारायण गुप्ता यांच्या घटस्फोटाच्या खटल्यात बजावलं की आजाराचं नुसतं नाव पुरेसं नाही. सोबत राहणं अशक्य व्हावं इतका तो तीव्र आहे का, हे तपासलं पाहिजे. त्या खटल्यातला आजार स्किझोफ्रेनिया हा वेगळा मनोविकार होता, पण तत्त्व बायपोलरलाही लागू पडतं. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आणखी पुढे गेला. पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरून कुणाला आज आजारी ठरवता येत नाही. आणि आजाराचं निदान झालं म्हणून माणूस आपोआप ‘विकल मनाचा’ ठरत नाही. ते कोर्टाने जाहीर करावं लागतं. घरातल्या साध्या चिडचिडीवर ‘आज गोळी घेतली नाहीस का?’ असं विचारणाऱ्यांनी हा भाग वाचायला हवा.

विवाह कायद्यातही दुरुस्त्या होत राहिल्या. कलम 5 मधून अपस्मार 1999 साली वगळला गेला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते 2019 साली काढलं. दोन्ही वेळा विचार एकच होता: उपचार होणाऱ्या आजारावरून कुणाचा संसार मोडू नये. ‘वेडाचे वारंवार झटके’ हे शब्द मात्र कलम 5 मध्ये तसेच राहिले आहेत. बायपोलरसह जगणाऱ्यांसाठी पुढची दुरुस्ती तिथेच व्हायला हवी.