टक्केवारीचं अपील आणि आयुक्तांकडची तक्रार

सिव्हिल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांच्या बोर्डाने दिव्यांग प्रमाणपत्रावर ३८ टक्के लिहिले की घरात पहिलं वाक्य निघतं, 'आता पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडेच जाऊ.' एक्स-रेची मोठी पाकिटं काखेत मारून मंडळी निघतात आणि हेलपाटा पदरात घेऊन परततात. टक्केवारी वाढवणं हे आयुक्तांचं काम नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये या दोन वाटा वेगळ्या आहेत. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांचा निर्णय मान्य नसेल तर कलम ५९ खाली अपील, तेही राज्य सरकारने नेमलेल्या अपिली प्राधिकाऱ्याकडे. प्रमाणपत्र हातात असून हक्काचं मिळत नसेल, म्हणजे नोकरीतलं ४ टक्के आरक्षण किंवा ग्रामपंचायतीचा ५ टक्के दिव्यांग निधी, तर राज्य आयुक्तांकडे तक्रार. एकीकडे तुमच्या शरीराचं मोजमाप तपासलं जातं, दुसरीकडे एखाद्या कार्यालयाचं वागणं.

अपिलाला जाताना आधी बोर्डाचा हिशेब समजून घ्या. हाताचे ३० आणि कानाचे १२, म्हणजे ४२ झालेच, असं आपण बोटांवर मोजतो. बोर्ड तशी बेरीज करत नाही. मोठा आकडा ९० मधून वजा करून उरलेल्याच्या प्रमाणात लहान आकडा धरतात: १२ गुणिले ६०, भागिले ९०, म्हणजे ८. एकूण ३८. 'बेरीज चुकली' एवढ्यावर अपील टिकणार नाही. हाताचे धरलेले ३० हेच मुळात कमी आहेत, ते दाखवावं लागेल.

दाखवायचं कसं? हाताच्या तपासणीत शर्ट घालणं, बटण लावणं, नाडी बांधणं, पाण्याचा ग्लास तोंडाला लावणं अशा क्रिया बघतात. पायाच्या तपासणीत उकिडवं बसणं, मांडी घालणं, जिना चढणं. आणि इथेच आपली माणसं घात करून घेतात. डॉक्टरांनी 'जमतं का?' विचारलं की 'जमतं हो, काही नाही' म्हणायचं, मग बायकोने मागून सांगायचं की बटणं रोज मीच लावते. जे जमत नाही ते स्वतःच्या तोंडाने सांगा. वाढवून मात्र सांगू नका. खोटेपणाने लाभ लाटल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सोबत जुने आणि ताजे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. अपिलाची मुदत राज्य सरकार ठरवतं, ती प्रमाणपत्र हातात पडेल त्याच दिवशी विचारून घ्या.

आयुक्तांसमोर एक्स-रेचा उपयोग नाही. तिथे अर्जाची पोच, आवक शिक्का, नकाराचं पत्र, स्मरणपत्रं लागतात. 'साहेब, फार त्रास दिला' हे खरं असलं तरी पुरत नाही. कोणत्या तारखेला काय मागितलं आणि कोणी दिलं नाही, हे एका कागदावर उतरवून न्या. साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत, पण शेवटी ते करतात ती शिफारस. संबंधित कार्यालयाने त्यावर काय केलं ते ३ महिन्यांत कळवायचं, मान्य नसेल तर कारण द्यायचं. म्हणून मागणी नेमकी लिहा. 'न्याय मिळावा' असं मोघम लिहिलं तर शिफारस तरी कशाची करणार? 'अमुक वर्षाचा निधी द्यावा' असं लिहा.