कुलूपबंद नसलेला एकांत: इंग्लंडमधील कार्थुसियन मठांची पार्श्वभूमी

1348-49 च्या प्लेगने इंग्लंडमधील मठवासीयांची संख्या इतकी घटली की ती पुन्हा कधीच पूर्वपदावर आली नाही. बेनेडिक्टाइन आणि सिस्टर्शियन या जुन्या, जमीनजुमला बाळगून असलेल्या ख्रिस्ती संन्यासी पंथांसाठी नवे मठ उभारण्याचे दिवस तर त्याआधीच सरले होते. अशा काळात वाढला तो सर्वांत कठोर पंथ, कार्थुसियनांचा. 1084 मध्ये फ्रान्सच्या डोंगरांत संत ब्रूनो यांनी सुरू केलेल्या या पंथाचे इंग्लंडमध्ये एकूण नऊच मठ झाले; त्यांतले सात 1343 ते 1414 या अवघ्या सत्तर वर्षांतले आहेत. मृतात्म्यांना शुद्धिस्थानातून, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी पापक्षालन होते त्या अवस्थेतून, लवकर सोडवण्यासाठी प्रार्थना हव्यात, अशी त्या पिढीची गाढ श्रद्धा होती, आणि ज्यांच्या आचरणाबद्दल शंका नाही अशांनीच त्या कराव्यात, असे धनिकांना वाटणे स्वाभाविक होते. लंडनचा मठ सर वॉल्टर मॅनी यांनी 1371 मध्ये स्थापला, तोही प्लेगबळींच्या दफनभूमीवर.

हे आचरण कसे होते, ते यॉर्कशरमधील माउंट ग्रेसच्या अवशेषांत आजही दिसते. 1398 मध्ये स्थापन झालेल्या या मठात सामुदायिक शयनगृह नव्हते. प्रत्येकाला स्वतंत्र दुमजली घर, भिंतीने वेढलेली छोटी बाग, नळाचे पाणी आणि बागेच्या टोकाला शौचकूप होते. दाराशेजारच्या भिंतीत एक कोनाडा आहे. तो सरळ आरपार नसून मध्येच काटकोनात वळतो, त्यामुळे जेवण ठेवणाऱ्याला आतला माणूस दिसत नसे आणि आतल्याला बाहेरचा. माझ्या मते या पंथाची सारी शिकवण त्या एका वळणात आहे. मांस वर्ज्य, अंगाला केसाळ खरखरीत वस्त्र, मध्यरात्रीची प्रार्थना देवळात आणि बाकीचा बहुतेक दिवस एकट्याने वाचन, ग्रंथलेखन, बागकाम. मात्र मौन पाळणाऱ्या या मंडळींनी ग्रंथांद्वारे बाहेरच्या जगाशी संबंध राखला: माउंट ग्रेसचे प्रमुख निकोलस लव्ह यांनी ख्रिस्तचरित्र सामान्य भाविकांसाठी इंग्रजीत आणले आणि ते घरोघरी वाचले गेले.

आपल्या श्रद्धेवरच्या निष्ठेमुळेच पुढे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्याशी त्यांचा संघर्ष अटळ ठरला. चर्चचा सर्वोच्च प्रमुख राजा आहे, हे मान्य करण्यास नकार दिल्याबद्दल लंडन मठाचे प्रमुख जॉन हॉटन यांना, आणखी दोन मठप्रमुखांसह, 4 मे 1535 रोजी लंडनच्या टायबर्न या वधस्थळी मारण्यात आले. हॉटन यांचा तोडलेला हात त्यांच्याच मठाच्या दारावर टांगला गेला. दोन वर्षांनी लंडन मठात उरलेल्यांपुढे राजाचे हे प्रमुखपद मान्य करण्याची शपथ पुन्हा ठेवण्यात आली. वीस जणांनी ती घेतली, दहा जणांनी नाही. त्या दहांना न्यूगेट तुरुंगात साखळदंडांनी बांधून उपाशी ठेवण्यात आले. नऊ जण तिथेच गेले, दहावे विल्यम हॉर्न यांना 1540 मध्ये देहदंड झाला. माउंट ग्रेसने डिसेंबर 1539 मध्ये मठ राजाच्या स्वाधीन केला.

हे सारे आपल्याला तपशिलाने ठाऊक आहे ते मुख्यतः मॉरिस चॉन्सी यांच्या वृत्तान्तामुळे. ते लंडन मठातलेच होते, आणि शपथ घेणाऱ्या वीस जणांपैकी एक होते. आपण बंधूंबरोबर मरण पत्करले नाही, ही सल त्यांनी लपवलेली नाही.