टँक (शब्द)

टँक : तळे, हौद, द्रव साठवण्याचे बंद भांडे आणि रणगाडा अशा परस्परांशी फारसे नाते न दिसणाऱ्या वस्तूंसाठी वापरला जाणारा इंग्रजी शब्द. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास तो हिंदुस्थानविषयक इंग्रजी लेखनात दिसू लागतो. त्याच्या व्युत्पत्तीच्या चर्चेत ‘टाके’ हा मराठी शब्द पुराव्यादाखल पुढे येतो, म्हणून मराठीच्या अभ्यासकांनाही ती जवळची आहे.

व्युत्पत्ती : एका मताप्रमाणे हा शब्द पश्चिम भारतातील आहे. गुजराती व मराठी व्याकरणावर लिहिणारा रॉबर्ट ड्रमंड (१८०८) याने मराठी व गुजराती रूपे शेजारी ठेवून, घराच्या आत दगड-चुन्याने बांधलेला पाण्याचा साठा असा अर्थ दिला. होरेस हेमन विल्सन याच्या १८५५ च्या कोशातही मराठी ‘टाकें’ आणि गुजराती ‘टांकी’ आहेत. दुसरे मत असे, की मूळ शब्द पोर्तुगीज ‘तांके’. तो ‘इस्तांकार’ म्हणजे वाहते पाणी अडवणे या क्रियापदाशी जोडला जातो. हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांनी ‘हॉबसन-जॉबसन’ (१८८६) या हिंदुस्थानी इंग्रजीच्या कोशामध्ये दोन्ही बाजू मांडून, हा शब्द दुहेरी उगमाचा दिसतो असे नोंदवले.

पोर्तुगीज पक्षाचा पुरावा वजनदार आहे. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीत (१४९८) कालिकतच्या देवळाजवळ घडीव दगडाचा मोठा ‘तांके’ असल्याचा उल्लेख येतो. लेखक शब्दाचा अर्थ सांगायला थांबत नाही, म्हणजे तो त्याच्या बोलीतला असावा. शिवाय मलयाळीत तळ्याला ‘कुळम’ म्हणतात, तेव्हा तेथे ऐकून त्याने हा शब्द उचलला असण्याचा संभव कमी.

तथापि टाके हा शब्द पोर्तुगिजांकडून आला असे म्हणणेही पटत नाही. पोर्तुगीज संपर्कापासून दूर असलेल्या राजस्थानच्या वाळवंटात घराघरांतील पावसाच्या पाण्याच्या साठ्याला ‘टांका’च म्हणतात. संस्कृत ‘टंक’ म्हणजे छिन्नी. मराठीत तीच टाकी, जिचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही. टाकीने कोरले ते टाके, ही उपपत्ती आकर्षक आहे. कान्हेरीला लेण्यांच्या अंगणात कातळात कोरलेली चौकोनी तोंडे, कडेने पाणी वळवून आणणारी बोटभर खोल पन्हळ आणि भिंतींवरचे छिन्नीचे तिरके घाव पाहिले, की ती खरीच वाटू लागते. पण येथे सावध राहायला हवे. लेण्यांतील प्राकृत शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. नाशिकच्या दहाव्या लेण्यातील, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात लेण्याबरोबर ‘पोढियो’ कोरवल्याचे स्पष्ट लिहिले आहे. वस्तू जवळपास दोन हजार वर्षांची असली, तरी तिचे आजचे नाव तितके जुने आहे असे त्यावरून म्हणता येत नाही.

एकंदरीत दुहेरी उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते. इंग्रजांची पहिली कायमची वखार सुरतेला (१६१२–१३) निघाली. तेथे भोवती गुजराती बोलली जाई आणि बंदरांतल्या परक्या व्यापाऱ्यांशी पोर्तुगीज चाले. एकाच अर्थाचे, जवळजवळ एकाच उच्चाराचे दोन शब्द इंग्रजांच्या कानी पडले आणि एक होऊन गेले.

अर्थांतरे : भारतीय इंग्रजीत तळे हा अर्थ टिकून राहिला. मुंबईत गोवालिया टँक, सी. पी. (कावसजी पटेल) टँक ही तळी बुजली, नावे राहिली. बाणगंगा मात्र पाण्यासह आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठे भांडे हा अर्थ रूढ झाला आणि विसाव्याच्या आरंभी इंधनाची टाकी.

युद्धातील अर्थ मुद्दाम दिलेला आहे. १९१५ मध्ये ब्रिटिश नौदल खात्याच्या ‘लँडशिप’ (जमिनीवरचे जहाज) समितीच्या देखरेखीखाली लिंकन येथील विल्यम फॉस्टर कंपनीत साखळी-पट्ट्यांवर चालणारे चिलखती वाहन तयार होऊ लागले. गुप्ततेसाठी निरुपद्रवी नाव हवे होते. हे मेसोपोटेमियाला धाडायचे पाणीवाहू हौद आहेत, अशी बतावणी कारखान्यात केली गेली असे सांगतात. या वाहनाचा पुरस्कार करणारा ब्रिटिश सेनाधिकारी अर्नेस्ट स्विंटन याच्या सांगण्याप्रमाणे ‘सिस्टर्न’सारखी (हौद) नावे बाजूला ठेवून डिसेंबर १९१५ मध्ये ‘टँक’ ठरले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत, फ्लेर-कूर्सलेत येथे ही वाहने प्रथम रणात उतरली आणि सांकेतिक नाव कायमचे चिकटले. फ्रेंचांनी ‘शार’ म्हणजे गाडा हा शब्द घेतला. मराठीतला ‘रणगाडा’ही गाड्यावरूनच बनला आहे, आणि वस्तूचे काम सांगण्यात तो इंग्रजी शब्दापेक्षा निश्चित सरस आहे.

‘थिंक टँक’ मध्ये टँक म्हणजे आधी बोलीत डोके, नंतर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धोरणविषयक अभ्यासगट. ‘टँक टॉप’ हा बिनबाह्यांच्या अंगवस्त्राचा शब्द पोहण्याच्या तलावातील पोशाखावरून आला.

मराठीतील स्थिती : गडावरचे ते टाके (शिवनेरीची गंगा-जमुना टाकी प्रसिद्ध आहेत), गच्चीवरची ती टाकी. यांपैकी दुसऱ्या रूपावर इंग्रजीचा प्रभाव किती, हे वेगळे करून दाखवणे कठीण. ‘टँकर’ मात्र उघडच इंग्रजीतून आला. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात गावाच्या वेशीवर हंडे-कळश्यांची रांग ज्याची वाट पाहते, तो हाच.